वायपरखालचं मीटर

आमच्या घरात गाडी बंद पडली की दोष चालवणाऱ्याचा, आणि चालवणारी मी असले तर चौकशीचीसुद्धा गरज नसे. वडील निवृत्त अधिकारी, पणजोबा संस्थानात अव्वल कारकून. आधी निकाल लिहायचा आणि पुरावे सवडीने जमवायचे, हे आमच्या रक्तातच.

नव्वदचं दशक संपता संपता दांडिया बाजारातल्या आमच्या दारात इंजेक्शनवाली गाडी आली. कार्बोरेटर नाही, चोक ओढणं नाही. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला होते, तिथे ती नेत असे. दीड-दोन वर्षं सुखाची गेली. मग पुलाचा चढ लागला की गाडी आचके द्यायला लागली. गाडीतच काहीतरी बिघडलंय, म्हणून दोन महिने मी कानीकपाळी ओरडत होते.

"क्लचवर पाय ठेवून चालवतेस," वडील पेपरातून डोकं न काढता म्हणत.

एका शुक्रवारी त्यांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "सोमवारपासून कारखान्याच्या बसने जा." बस फक्त पाळीवाल्या कामगारांसाठी होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नोकरी सोड, हेच साजूक तुपात घोळवून सांगितलेलं.

शनिवारी हट्टाने मी वडिलांना आणि गाडीला पाणीगेटच्या गुजराती मिस्त्रींकडे नेलं. मिस्त्रींनी जन्मभर कानाने ऐकून गाड्या दुरुस्त केल्या होत्या, पण या नव्या गाड्यांसाठी त्यांनी प्रेशरचं मीटर आणलं होतं. इंजिनाला पेट्रोल किती जोराने पोचतं ते त्यावर दिसे. त्यांनी पंपाचा फ्यूज काढला, नळीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, मग नळी सोडवून मीटर जोडलं आणि फ्यूज परत बसवला. गाडी सुरू केल्यावर सुई झकास वर गेली.

"बघ," वडील म्हणाले. "गाडीत काहीही दोष नाही."

"काका, ऊभी होय त्यारे तो बधी गाडी सारी," मिस्त्री हसले. उभी असताना सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. त्यांनी मीटरची लांब नळी बॉनेटमधून बाहेर काढली आणि मीटर वायपरखाली अडकवलं, तबकडी आमच्याकडे करून. "हवे चलावो."

चालवायला अर्थातच वडील बसले. गाडी कशी चालवतात ते मला एकदा दिसायला हवं होतं ना. मिस्त्री शेजारी, मी मागे. पुलाच्या चढावर वडिलांनी पाय दाबला आणि सुई भसकन खाली आली. एक आचका, दुसरा, आणि गाडी मध्यावर ठप्प. मागून हॉर्नची आरती सुरू झाली.

"बाबा, क्लचवर पाय आहे का?" मी अगदी अदबीने विचारलं.

मिस्त्री मात्र डॅशबोर्डवरच्या पेट्रोलच्या काट्याकडे बघत होते. "काका, टांकीमां पेट्रोल केटलुं राखो छो?"

"पाव टाकीच्या वर कधीच नाही," वडील अभिमानाने म्हणाले. भरलेली टाकी म्हणजे चोराला आमंत्रण, ही त्यांची स्कूटरच्या काळापासूनची शिस्त. मी एकदा फुल केली होती, तर दोन दिवस अबोला.

मिस्त्रींनी समजावलं: या गाडीचा पंप टाकीच्या आतच असतो, पेट्रोलमध्ये बुडून राहिला तर थंड राहतो. टाकी सदा रिकामी ठेवली म्हणून तो तापून तापून मेला. वडिलांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यांना असं ऐकताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

रविवारी नवा पंप बसला. संध्याकाळी वडिलांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. "आता चालवायला हरकत नाही. बरं झालं मीटरने सांगितलं."

"मी दोन महिने तेच सांगत होते, बाबा."

"हो गं, पण मीटर खोटं कशाला बोलेल?" ते अगदी सहज म्हणाले.

टोमणा असता तर मी सव्याज परत केला असता. पण तो टोमणा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. तेच जास्त लागलं. मी किल्ली उचलली आणि आत गेले.