हमीपत्रावरचा काका

नाव : कमळाकर गणू म्हात्रे. वय : छप्पन्न. शिक्षण : नववी, दोनदा. व्यवसाय : पालक. महाविद्यालयाच्या दप्तरी नोंद : अकरा विद्यार्थ्यांचा सख्खा काका, पैकी तीन मुली, एक तमिळ. पाल्यांच्या वर्तनाबद्दल दिलेली हमीपत्रे : अकरा. पैकी पाळलेली : माहिती उपलब्ध नाही.

दप्तराबाहेर कमळाकर पनवेलच्या खांदा कॉलनीच्या नाक्यावर रिक्षा चालवायचा. हजेरी कमी भरली आणि कॉलेजने पालकांना बोलावलं, की घरी कळू नये म्हणून पोरं त्याचा खाकी शर्ट उतरवून पांढरा चढवत आणि काका म्हणून पुढे करत. तो मान खाली घालून ऐकायचा, "आमच्या घरान्यात असं कोन नाय," म्हणायचा, सही ठोकायचा आणि चहा पिऊन स्टँडला परत. खऱ्या बापाला इतक्या सफाईनं लाजता येत नाही.

निकेश हा बारावा पुतण्या. चाळीसगावचा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, इथे खोली घेऊन राहणारा. विभागप्रमुख चारुता मॅडमनी फाइल उघडली.

"सकाळी अकराच्या प्रॅक्टिकलला तीनदा पिऊन आला. परीक्षेत तीन तास बसून कोरा पेपर दिला. मित्र सांगतात, एरवी दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतो. तुम्हाला काहीच कसं कळलं नाही, काका?"

कमळाकरनं घराण्याचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. महिनाभर रोज, वाइन शॉपचं शटर वर जायच्या वेळेला, तोच निकेशला तिथे सोडत होता. कॉलेजला उशीर नको म्हणून बाहेर थांबतही होता. वेळेचा पक्का पोरगा, असं स्टँडवर कौतुकही करून झालं होतं.

हमीपत्रात लिहिलं होतं : मी पाल्याच्या वर्तनाकडे व्यक्तिशः लक्ष पुरवीन. आजवर अकरा वेळा सही करताना त्यानं हे वाचलं नव्हतं. आज चष्मा लावून दोनदा वाचलं, मग सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निकेशच्या दारात उभा.

"चल, दवाखान्यात."

"काका, ते नाटक होतं. संपलं काल."

"नाटक तुजं व्हतं. सही माजी हाय."

"तुम्ही लागता कोण हो माझे?"

"तुज्या मॅडमला इचार. सख्खा."

निकेशनं डोक्यावरून चादर ओढली. कमळाकर खुर्चीत बसला. स्टँडवरून फोन आला, नंबर लागलाय म्हणून. "लागू दे," म्हणाला. एक वाजेपर्यंत बसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी भिंतीकडून आवाज आला.

"मला उठवतच नाही हो. आळस नाही हा. उठून करायचं काय, तेच कळत नाही. प्यायलो की दोन तास काही वाटत नाही, एवढंच."

 कमळाकरनं पायानं चपला पुढे सरकवल्या. "खाली रिक्षापरयंत चाल. फुडचं माज्याकडं."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास निकेशचं ऐकून घेतलं. "डिप्रेशन आहे," त्या म्हणाल्या. "दारू हा त्यावर यानं स्वतः काढलेला इलाज. आता ती सोडायची, पण स्वतःच्या मनानं, एकदम नाही. मी सांगेन तशी, गोळ्या घेऊन. आणि घरच्यांना कळायला हवं." त्या कमळाकरकडे वळल्या. "तुम्ही वडील का?"

"नाय. रिक्षावाला."

बाहेर आल्यावर त्यानं आपला फोन निकेशपुढे धरला. "बापाला लाव."

"बाबा शाळेत मास्तर आहेत. अख्ख्या गावाला सांगतात, पोरगा पहिला येतो म्हणून."

"सांगू दे. तू लाव. नायतर मी बोलीन, आन् मला नीट बोलता येत नाय."

 निकेशनंच नंबर दाबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील, दिनानाथ सर, पनवेलला उतरले आणि कॉलेजात जाऊन मॅडमना भेटले. आठवड्यानं कॉलेजच्या समितीनं ठराव केला : पालक बदलल्याची नोंद घेण्यात आली असून प्रकरण समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात येत आहे.

निकेश त्यानंतर दोनदा प्यायला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेला.