गाईच्या घशातला हात

नोकरीच्या पहिल्या वर्षी गाय लाळ गाळतेय असं कळलं की मी गोठ्यात शिरण्याआधी झाडाआड जाऊन पुस्तक उघडायचो. मालकाला वाटायचं, डॉक्टर लघवीला गेले. आता जनावरांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं झाली. ते पुस्तक कुठं आहे, हे बायकोलाच विचारावं लागेल.

मागच्या वर्षी शिरूर अनंतपाळजवळच्या गावातून एका बाईंचा फोन आला. "सायेब, गाय दोन दिस झालं खाईना, लाळ गळायलीय. घशात कायतरी अडकलंय."

अडकलेल्या कोयी, कणसं काढण्यात माझा हातखंडा. गोठ्यापुढं गाडी स्टँडला लावेपर्यंत बाही वर गेली होती. बाईंनी शिंगं धरली, मी उघडा हात कोपरापर्यंत आत घातला. आत काहीच नव्हतं.

हात बाहेर काढतोय तोच गाय हंबरली. आवाज फाटका, घोगरा. पिसाळलेलं जनावर असं ओरडतं, हे पुस्तकानं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

"आक्का, कुत्रं चावलं होतं का हिला?" आधी विचारायचा प्रश्न मी आता विचारत होतो.

"चावलेलं कुणी बघितलं न्हाई. पर महिन्यामागं एक पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं व्हतं."

मी साबण मागून हात धुऊ लागलो. मनगटावर कालचं खरचटलेलं झोंबलं. मग त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. खुरप्यानं चिरलेली होती.

"तुम्हीही हात घातला होता?"

"दोनदा. पेज बी पाजली."

गाईला कुणी शिवायचं नाही, वासरू लांब बांधा आणि आत्ताच्या आत्ता सुई घ्यायला चला, असं मी बजावलं. बाई हलेनात. "मला कुठं चावलंय? गाय अशी टाकून जाऊ व्हय?"

मी ओरडलो. लाळ जखमेला लागली तरी हा रोग होतो, आणि झाला की माणूस वाचत नाही, म्हणालो. बाई गाईकडेच बघत राहिल्या. शेवटी मीच आवाज खाली आणला. "आक्का, चूक माझी झाली. न विचारता हात घातला. मलाही सुई घ्यायचीय, आणि मला लई भीती वाटायलीय. सोबत चला."

त्यांनी एकदा माझ्या मनगटाकडे पाहिलं, साबण घेतला आणि हात धुतले.

सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी नोंदवही उघडली. "कुठं चावलं?"

मी घसा खाकरला, तोवर आक्काच बोलल्या, "चावलं न्हाई, बाई. आमी दोघांनीबी आधी हात घातला, मग इचारलं."