हरभऱ्याला दिलेलं पाणी

माझं माहेर शिरूरच्या जिरायती बाजूचं. मेंढरं विकून शेतीला लागलेली माणसं आम्ही. हरभरा दवावर येतो हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक. लग्न होऊन आले ती यवतजवळ, पाटाच्या पाण्यावर. इथं जिकडं बघावं तिकडं ऊस. लागण, तोडणीनंतर त्याच बुडख्यांचा खोडवा, परत लागण. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. त्यांच्या लेखी ऊस सोडून दुसरं काही करणारा माणूस खुळाच.

पण सततच्या पाण्यानं पाटाकडची पट्टी पांढरी पडायला लागली होती. उन्हाळ्यात मातीवर मिठाची खपली धरायची. बघून माझा जीव तुटायचा.

"मामा, एवढ्या पट्टीतला ऊस मोडा. पावसाळ्यात ताग करून खताला गाडू, मग हरभरा, उन्हाळ्यात भुईमूग. दोन पिकं बाजारात जातील आन् रानबी वाचंल."

दोन वर्षं हेच सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्या पट्टीतला खोडवा गुडघ्याएवढाच राहिला, तेव्हा चिडून म्हणाले, "कर तुझं खूळ. पर साधलं न्हाई तर परत ऊसच, आन् तू तोंड उघडायचं न्हाई."

ताग गाडला, हरभरा पेरला. काय फुटला होता म्हणून सांगू! शेंडे खुडून घरादारानं भाजी खाल्ली. मामासुद्धा येता-जाता बांधावर थांबायचे. मी मनातून फुगले होते, खोटं कशाला सांगू.

हरभरा ऐन फुलात असताना आई आजारी पडली आणि मी आठ दिवस माहेरी गेले. जाताना मामांना म्हटलं, "तेवढी ढोरं शिरू देऊ नका." पाण्याचं बोललेच नाही. फुलातल्या हरभऱ्याला पाणी दाखवायचं नाही, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. आणि इकडं पाटाच्या पाण्याची पाळी आली की कोणी सोडत नाही. घरात मयत असली तरी एक माणूस दारं धरून पाणी वळवायला जातो.

परत आले तर मामा बांधावर बसलेले, तोंडभर हसत. "पाळी आली व्हती. म्हनलं, उसाचं ऱ्हाऊ दे, आधी पोरीच्या हरभऱ्याला देऊ. पार तुंबवलं बघ!"

सगळी पट्टी पिवळी. फुलं गळून चिखलात पडलेली.

"अहो मामा, मारलंत की हो त्याला!" मी ओरडले. त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. चार दिवसांत सगळं पीक उभ्या जागी वाळलं.

त्यांनी ऊस लावला. ठरल्याप्रमाणं मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. चूक हरभऱ्याची नव्हती, हे एकदा तरी सांगायला हवं होतं.

काही वर्षांनी ती पट्टी मिठानं पांढरीफटक झाली, ऊससुद्धा येईना. मामा थकले होते. एका सकाळी चुलीपाशी येऊन म्हणाले, "पोरी, हरभरा करून बघू का गं? मी पानी न्हाई देत."

उशीर झालाय, हे मला म्हणवलं नाही. बी काढून दिलं. त्यांनी स्वतः पेरलं. मग पाळी आली, तेव्हा शेजाऱ्यानं बांधावरून हाका मारल्या. मामा जागचे हलले नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पाटाची पाळी सोडली.

हरभरा उगवलाच नाही.