देवांची फळी आणि माझं ड्रिल मशीन

ड्रिल मशीन माझं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा ते बघितलं की माझ्या नवऱ्याकडे वळतो आणि विचारतो, "नवीन घेतलं का?" नवरा बिचारा प्रामाणिक, तो माझ्याकडे बोट दाखवतो. त्याला मिक्सरच्या आवाजाचीसुद्धा धास्ती वाटते.

माझे वडील इंदापूरला सुतारकाम करायचे. आम्हा बहिणींना करवत म्हणू नका, पटाशी म्हणू नका, कशाला म्हणून हात लावू द्यायचे नाहीत. "बोट तुटलं तर लगीन कोण करंल?" म्हणायचे. तर बोटं शाबूत राहिली, लग्न झालं, कन्हेरीच्या शाळेत विज्ञानाची बाई झाले, आणि ज्या महिन्यात बारामतीत स्वतःच्या घरात राहायला आलो त्याच महिन्यात मी हे मशीन आणलं. पडद्यांचे दांडे, आरसा, घड्याळ, न्हाणीघरातला साबणाचा कप्पा, सगळं मी लावलं. मग शेजारणी हाका मारायला लागल्या, "बाई, जरा एक भोक पाडून देता का?" माझी मान चांगलीच ताठ झाली, खोटं कशाला बोलू!

मग आबा आले.

आबा म्हणजे माझे सासरे. अंथुर्ण्याला त्यांचं घर आणि बागायती जमीन, ती आता वाट्यानं दिलेली. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून आबा तिथे एकटे. सकाळी पिठलं-भाकरी करायचे आणि संध्याकाळी तेच गरम करून खायचे. एकदा घेरी येऊन गोठ्यात पडले, ते शेजाऱ्यांच्या नजरेला पडायला तास गेला. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याच्या जिवाला घोर लागला. आम्ही दर रविवारी जाऊन विनवायचो, चला आता आमच्याकडे. आबा सगळं ऐकून घ्यायचे आणि पिशवीभर वांगी देऊन आम्हाला वाटेला लावायचे.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आबा, वांगी नकोत. तुम्ही येणार आहात का नाही ते सांगा!"

त्यांनी घरावरून एकदा नजर फिरवली, ती कोपऱ्यातल्या देवांच्या फळीवर थांबली. म्हणाले, "देव आलं तर मी आलो. देव हितं आन मी तितं, हे व्हायचं न्हाय."

"मग देवांना पण आणा की!"

"आणतो. पर फळी हीच, आन ईशान्येलाच. घट बसायच्या आत देव फळीवर गेलं, तर तुमच्याकडं घट. न्हाय गेलं, तर देव घिऊन मी माघारी. मग मला परत इचारायचं न्हाय."

आमच्यात देव जिथे, तिथेच नवरात्राचे घट बसतात आणि घरातलं वडीलधारं माणूसही तिथेच राहतं. त्यामुळे ही अट ऐकताना नवऱ्याचा चेहरा उतरला आणि माझा फुलला. फळीच लावायची ना? हातचा मळ!

शनिवारी आबा आले. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात लाल फडक्यात गुंडाळलेले देवांचे चांदीचे टाक. फळी नवऱ्यानं आणली. शिसवी, तिकोनी, थेट कोपऱ्यात बसणारी. सासूबाईंनी लग्नानंतर हट्टानं करून घेतलेली, तेलानं काळी कुळकुळीत झालेली. देवांना तात्पुरतं तांदळाच्या परातीत बसवलं. पुढचा गुरुवार घटाचा.

"आबा, तुमच्या टोपी-सदऱ्याला आधी एक खुंटी मारून देते," मी म्हटलं.

"दोन दिसाच्या पावण्याला खुंटी कशाला?" म्हणाले, आणि टोपी काढून पिशवीवरच ठेवली.

ईशान्य दिशा शोधली नवऱ्यानं. आमच्या पूर्वेला लगटून तीन मजली इमारत, त्यामुळे ऊन घरात येतं तेच डोक्यावर आल्यावर. आणि पावसाळ्यात राहायला आलेलो, सूर्य कुणी नीट बघितला होता! नवऱ्यानं मोबाईल काढला, कव्हर उघडलं, होकायंत्र लावलं आणि हॉलच्या मधोमध उभा राहून दाराजवळच्या कोपऱ्याकडे हात केला. "ही ईशान्य." आबांनी तिकडे बघितलं, मान हलवली. रोज सकाळी ते गच्चीवर जाऊन सूर्याला पाणी घालायचे आणि खाली येऊन निवांत चहा प्यायचे.

रविवारी मी कामाला लागले. सपाट भिंतीच्या मध्यावर भोक पाडणं वेगळं आणि कोपऱ्यात पाडणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. तिकोनी फळीला दोन्ही भिंतींवर एकेक लोखंडी अँगल हवा, आणि प्रत्येक अँगलला दोन भोकं, तीही कोपऱ्यापासून दोन बोटांवर. मशीन तिथे बसतच नाही! त्याचं धूड बाजूच्या भिंतीला टेकतं आणि भोक पाडणारं बिट तिरकं शिरतं. पहिलं भोक असं तिरपागडं पडलं की स्क्रू पिळल्यावर अँगलनं माझ्याकडे पाठच फिरवली. दुसरं पाडताना दोन बोटं गिलावा लोण्यासारखा कापला गेला आणि पुढे मशीन असं किंचाळायला लागलं, की नवरा गॅलरीत पळाला. कोपऱ्यात सिमेंट-सळईचा कॉलम असणार, हे मला कळायला नको? बिटाचं टोक निळं पडलं, भिंतीचा भाकरीएवढा पोपडा माझ्या पायावर पडला.

आबा खुर्चीत बसून शेंगा फोडत होते. "भिंत जितती वाटतं," म्हणाले.

"बघतेच मी!" मी म्हटलं. संतापले की मला काम सुचतं, हे माझं असंच आहे.

सोमवारी शाळा सुटल्यावर हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो."

"साहेब मिक्सरला घाबरतात. मलाच सांगा."

हसला, पण सांगितलं चांगलं. कोपऱ्यात बिट लांब घ्यायचं. मशीन बाजूच्या भिंतीला टेकलं तरी लांब बिटाचा तिरकेपणा नावापुरताच राहतो. आणि कॉलममध्ये एकदम मोठं भोक पाडायला जायचं नाही. आधी बारीक पाडायचं, मग त्याच वाटेनं मोठं. मध्येमध्ये थांबायचं, बिट गार होऊ द्यायचं, आणि सळई लागली तर हट्ट सोडून जरा सरकायचं. "हट्ट सोडायचा" हे त्यानं माझ्याकडे बघून का म्हटलं, कोण जाणे!

सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची संध्याकाळ त्यातच गेली. वह्या तपासायच्या राहिल्या, दोन्ही दिवस जेवायला खिचडी. एकदा सळई लागली, एकदा अंगठ्याचं सालपट निघालं. बुधवारी मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. दुसऱ्या दिवशी घट. नवरा हातात स्क्रू घेऊन उभा, घटाची माती टोपलीत तयार, आणि देव अजून परातीत. तीन वाजता चौथं भोक पडलं. सरळ! मी आनंदानं ओरडलेच. डोक्यात, भुवयांत सगळा सिमेंटचा भुगा, नाकाला रुमाल, अंगठ्याला चिंधी. प्लॅस्टिकचे गट्टू ठोकून भोकांत बसवले, अँगल उचलला.

"थांब, पोरी," आबा म्हणाले. "खाली उतर."

मी स्टुलावरून उतरले. आबा शेंगा फोडत नव्हते.

"कोपरा चुकलाय. ही ईशान्य न्हाय. ही वायव्य हाय."

मला आधी खरंच वाटेना. मी नवऱ्याच्या हातातून मोबाईल ओढला. होकायंत्र म्हणत होतं ईशान्य. मग माझी नजर त्या कव्हरावर गेली. पाकिटासारखं उघडणारं, आणि बंद करताना टचकन चिकटणारं. चिकटतं कशानं? आतल्या चुंबकानं! मी कव्हर काढून फेकलं, आणि दिशा गर्रकन फिरली. आबांचं खरं होतं. खरी ईशान्य समोरच्या कोपऱ्यात होती आणि तिथे आमचा चपलांचा स्टँड होता.

चुंबकाजवळ होकायंत्र नेलं तर काय होतं, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवते. नवरा हळूच म्हणाला, "मी काय विज्ञानाचा आहे का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चपला उचलायलाच गेला.

मग माझ्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला. "आबा, तुम्ही रोज गच्चीवर सूर्याला पाणी घालता. तुम्हाला कधी कळलं?"

"शनवारीच. गच्चीवरनं दिस मावळताना बघितला."

"शनवारी!" माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "चार दिवस मी इथं भिंतीशी झगडतेय, आणि तुम्ही शेंगा खात बघत बसलात? बोलला का नाहीत?"

आबांनी माझ्या अंगठ्याच्या चिंधीकडे बघितलं. मग म्हणाले, "बोललो असतो तर फळी त्याच दिशी लागली असती."

मी नाकावरचा रुमाल खाली ओढला.

"मला वाटलं, घटाच्या आत हे काय व्हत न्हाय. देव घिऊन गुमान माघारी जाऊ, कुणाला वाईट वाटायचं न्हाय. पर तू सोडंचना. बोट फुटलं तरी सोडंना." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "ती गेल्यापास्नं ह्या देवासाठी एवढं कुणी राबलं न्हवतं. मला बघवंना झालं, पोरी."

मला रडू आलं, आणि रागही गेला नव्हता. दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडून भलतंच निघतं. म्हटलं, "मग उठा आता! नुसतं बघून भागायचं नाही. स्टूल धरा!"

"व्हय व्हय," म्हणाले आणि खरंच उठले.

खऱ्या ईशान्येलाही कॉलम होताच, पण आता मला त्याचा स्वभाव कळला होता. लांब बिट, आधी बारीक भोक, मग मोठं. आबांनी स्टूल धरलं, दोरीला कुलूप बांधून ओळंबा केला, आणि एक डोळा मिटून सांगत राहिले, "उजवीकडं... आजून... बास!" नवऱ्यानं गोमूत्र शिंपडून चपलांची जागा शुद्ध करून घेतली आणि मशीन सुरू झालं तरी गॅलरीत गेला नाही, हे त्याच्याबाबतीत सांगितलंच पाहिजे. दिवेलागणीला फळी बसली. आबांनी तिच्यावर दोन्ही हातांनी भार देऊन बघितला, मग तेलाचं बोट फिरवलं आणि एकेक टाक उचलून वर ठेवला.

सकाळी घट बसले. आरती झाली, प्रसाद वाटून झाला. मी दाराजवळच्या त्या चुकलेल्या कोपऱ्यापुढे उभी होते. चांगली चार भोकं, आत गट्टू, सरळ पडलेली, आणि कशाच्याच कामाची नाहीत. म्हटलं, "पुट्टी भरून बुजवून टाकते."

"बुजवती कशाला?" आबा मागून म्हणाले. "एवढी मेहनतीची भोकं. माझ्या टोपी-सदऱ्याला तितं खुंट्या मार."

मी वळून बघितलं. त्यांनी पिशवी खाटेवर पालथी केली होती. दोन सदरे, एक धोतर, चष्म्याचं घर, सगळं बाहेर. रिकामी पिशवी झटकून त्यांनी तिची चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"ही भाजी आणायला घे," म्हणाले. "मला आता लागायची न्हाय."