न विचारणारं मशीन

इस्पितळात त्याला सगळे 'खात्री' म्हणतात. कुणी नुसतं "ही जुनी फाइल काढून टाक" म्हटलं तरी तो विचारतो, "खात्री आहे?" हो म्हटलं की पुन्हा विचारतो. नव्या नर्स त्याची नक्कल करतात, आणि तोही हसतो. हे नाव का पडलं ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. ते नक्कल करत नाहीत.

त्याचं काम कॉम्प्युटर सांभाळायचं. माऊसशी त्याचं कधी जमलंच नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि एंटर दाबायचं, हाच त्याचा खाक्या. पण तिथे पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते. म्हणून त्याने आपल्या मशीनला शिस्त लावली होती: पुसण्याआधी प्रत्येक फाइलचं नाव घेऊन विचारायचं, पुसू का? मग काय, स्वारी निर्धास्त. सरसकट सगळ्या फाइली पुसायची कमांड द्यायची, आणि मशीन विचारेल तसं हिला हो, तिला नाही, असं भाजी निवडल्यासारखं निवडत बसायचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

त्याची थोरली बहीण बालवाडीत शिकवायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. आवाज असा खणखणीत, की तिची "जेवायला ये रे" ही हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची. तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

"मग आधी सगळं बोलून घेते," ताई म्हणाली. "माझ्या कार्टीला नंतर ओरडणार कोण?"

आवाज जाणार अशा रुग्णांसाठी इस्पितळात रेकॉर्डिंगची खोली होती, तिथे नवं मशीन आलं होतं. त्यावर ताई बोलली. लेकीला झोपेतून उठवणं, रागावणं, तिच्या लग्नासाठी आशीर्वाद, मधेच फुटलेलं हसू. भावासाठीही एक फाइल होती. "आत्ता ऐकू नकोस," ती म्हणाली, "रडशील वेड्यासारखा."

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेलं. त्याला बाहेर बसवेना, म्हणून तो त्या खोलीत आला. ताईच्या रेकॉर्डिंगमध्ये चाचणीच्या, खोकल्याच्या, अर्धवट तुटलेल्या बऱ्याच फाइली होत्या. त्या काढाव्यात आणि बाकीच्यांचा बॅकअप घ्यावा, एवढंच त्याच्या मनात होतं. हात सवयीने चालले. सगळ्या पुसायची कमांड, एंटर. आणि तो पहिल्या प्रश्नाची वाट बघत थांबला.

प्रश्न आलाच नाही. रिकाम्या ओळीवर कर्सर लुकलुकत राहिला. मशीन नवं, त्याला ती शिस्त कुणी लावलीच नव्हती. त्याने फोल्डर उघडून पाहिला. आत काहीच नव्हतं.

त्याने मशीन तिथल्या तिथे बंद केलं, डिस्क काढून जाणकारांकडे नेली, हातापाया पडला. एक शब्दही परत आला नाही. ऑपरेशन मात्र व्यवस्थित पार पडलं.

ताई उठून बसायला लागल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रडण्याचा आवाज नव्हता. मग तिने त्याचं डोकं जवळ ओढून घेतलं. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटतं.

आता इस्पितळातल्या कुठल्याही मशीनवर पुसलेली फाइल आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि तिथे पडून राहते. ती सोय त्याने स्वतः केली.

भाची अधूनमधून म्हणते, "मामा, आई ओरडायची तशी ओरड ना." मग हा कमरेवर हात ठेवून ताईसारखा ओरडतो. सुरुवातीला पोरगी खिदळायची, "असं नाही काही!" म्हणून दुरुस्त करायची. हल्ली म्हणते, "हो, अश्शीच!"

तेव्हा तो ताईकडे बघतो. ताई हळूच नकारार्थी मान हलवते, आणि पोरीच्या केसांतून हात फिरवत राहते.