स्विचजवळची जागा

मशीनबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत होती, एवढ्याच कारणाने माझा त्या मशीनशी संबंध आला.

बाबा एका शाळेत क्लार्क होते. निवृत्त झाल्यावर दोन-तीन महिने ते घरात पाहुण्यासारखे वावरत होते. पेपर दोनदा वाचायचे. आई केर काढायला आली की पाय वर घ्यायचे आणि ती गेल्यावर खाली ठेवायला विसरायचे. मग एके दिवशी त्यांनी लाकूड कातायचं लेथ मशीन मागवलं. लहानपणी शाळेतून येताना ते एका कातारी माणसाच्या दुकानाबाहेर उभे राहत आणि ओबडधोबड लाकडातून लाटणी, पाळण्याचे दांडे निघताना बघत. तेव्हापासून त्यांच्या मनात हे होतं म्हणे. आईला आणि मला पत्ताच नव्हता.

आईने खोका उघडूसुद्धा दिला नाही. तिचे वडील संगमेश्वरला लाकडाच्या वखारीत करवतीवर कामाला होते. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. आई सांगते, पहिलीत जाईपर्यंत तिला वाटायचं की बाप माणसं तीन बोटांनीच जेवतात. बाकीच्या दोन बोटांचं काय झालं ते तिला शाळेतल्या मुलींनी सांगितलं.

तीन दिवस खोका पडवीत होता. चौथ्या दिवशी आईने अट घातली.

"रक्ताचा एक थेंब दिसला, तर आलं त्या ट्रकने परत पाठवायचं. आणि ही समोर असल्याशिवाय चालू करायचं नाही."

'ही' म्हणजे मी. मी घरूनच नोकरी करते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं इंग्रजी तपासते. त्यात कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणूनच ती नोकरी मला जमते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. आमच्या दोघांमध्ये बऱ्याच गोष्टी अशाच ठरतात.

दुपारी जेवणं झाली की मी पुस्तिका घेऊन पडवीत बसायची आणि बाबा वहीत उतरवून घ्यायचे. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे वाक्य कळायचं, पण मराठीत सांगताना अडायची. "एका बाजूचं डोकं जागच्या जागी असतं, त्यात मोटर आहे. दुसऱ्या बाजूचं सरकतं. दोन्हींच्या मध्ये लाकूड धरायचं." बाबा म्हणायचे, "हां, कळलं. पुढे." त्यांनी वहीत 'मोटरडोकं' आणि 'सरकडोकं' असं लिहिलं. आडनावं वाटायची. सगळी वही त्यांच्या त्या शाळेच्या दाखल्यावरच्या अक्षरात आहे.

मशीन बसवायला आठवडा गेला. पडवीची जमीन जांभ्याची, कुठेच सपाट नाही. पहिल्या दिवशी चालू केलं तर टेबल थरथरत भिंतीकडे चालायला लागलं. बाबांनी एका पायाखाली पत्रा सारला, दुसऱ्याखाली लाकडी पाचर ठोकली, खालच्या फळीवर वाळूची दोन पोती ठेवली. मशीन टेबलाला बोल्टने आवळलं. पाण्याने भरलेली वाटी वर ठेवून ते खाली वाकून बघत राहिले. पाणी हललं नाही तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून भुवया उडवल्या.

मग नियम. लाकडाला चीर किंवा सुटी गाठ असेल तर ते चढवायचंच नाही. चढवलं की आधी हाताने एक फेरा फिरवून बघायचा, कुठे घासत नाही ना. टेकू, म्हणजे हत्यार ज्यावर टेकवायचं ती लोखंडी पट्टी, लाकडाच्या अगदी जवळ हवा, मध्ये बोट जाईल एवढी जागा राहता कामा नये. टेकू सरकवायचा तर मशीन बंद करून. हत्यार आधी टेकूवर, मग लाकडाला. चालू करताना लाकडाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं. पहिल्यांदा हळू वेग. हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला की हात त्याच्या मागून जातो. तोंडावर काचेचा पडदा. अंगात सैल काही नको.

पुस्तिकेत नसलेला एक नियम आम्हीच घातला. आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लाइट गेली की माणूस हुश्श करून लाकडावर हात ठेवतो, आणि लाइट आली की मशीन आपोआप सुरू होतं. म्हणून लाइट गेली की पहिल्यांदा स्विच बंद. हे काम माझं. भिंतीवरच्या स्विचजवळ मी स्टुलावर बसायची, ओढणी काढून, केस घट्ट बांधून.

ते दोन महिने मला फार आवडले. रोज दुपारी तासभर. बाबा फणसाच्या फांदीचा तुकडा चढवायचे, हत्यार टेकवायचे आणि पिवळ्या सालपटांची फीत सुटून त्यांच्या मनगटावरून खाली यायची. ते कधी कधी मशीन बंद करून मला लाकडावरून बोट फिरवायला सांगायचे. "बघ गो बाय, लागतंय काही?" मी म्हणायची, "इथे थोडंसं." ते पुन्हा तेवढंच कातायचे. एवढंच आमचं बोलणं. पण त्याआधी आम्ही बापलेक एवढंही बोलत नव्हतो.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी शेजारचे काका आले. हे बाबांचे शाळेपासूनचे मित्र, निवृत्त मास्तर. मोठ्या आवाजात बोलतात. ते आले की मी आत जाते, पण त्या दिवशी मशीन चालू होतं, त्यामुळे जाता येईना.

"काय हो क्लार्क, आता जत्रेत लाटणी विकणार काय?"

"तुमच्यासाठी भोवरा करतोय," बाबा म्हणाले. "रिकामपणी फिरवत बसा."

"मला कशाला? वहिनींना विचारा कोण रिकामा ते!"

दोघं हसले. बाबा लाटण्याला पॉलिश पेपर लावत होते. मित्र आल्यावर बाबा सैलावतात. काचेचा पडदा त्यांनी वर केला. घाम फार येत होता म्हणून शर्टाची वरची दोन बटणं काढली. आणि मला त्यांचं जानवं दिसलं. बनियनच्या गळ्यातून त्याचा एक वेढा बाहेर आला होता.

मी ते बघितलं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. 'बाबा, जानवं' असं म्हणायचं होतं. पण काका समोर. त्यांच्यासमोर बाबांना टोकायचं, तेही जानव्यावरून. शिवाय माझा आवाज मशीनच्या वर जायला हवा होता, म्हणजे ओरडावं लागलं असतं. मी मनात वाक्य तयार करत राहिले. आता काका बोलायचे थांबले की म्हणू, असं ठरवलं. काका थांबेनात.

बाबा मोटरच्या बाजूचं टोक घासायला वाकले. तिथे लाकूड धरणारे दाते असतात, तेही फिरत असतात. जानवं त्यांच्यात गेलं. बाबांची मान एकदम खाली ओढली गेली. मी स्विच कधी दाबला मला आठवत नाही. 'टक्' असा लहानसा आवाज आला, दोरा तुटला, आणि बाबा टेबलाला दोन्ही हात टेकून उभे राहिले. मशीन गरगरत गरगरत थांबलं. दात्यांभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला होता.

"अरे! लागलं का? लागलं काय रे तुला?" काका पुढे झाले.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त हात वर केला. मग काकांच्या लक्षात आलं. "हां हां. तुटलं ना. बोलू नको. नवं घालून ये."

आमच्या घरची पद्धत तशी आहे. जानवं तुटलं की नवं घालेपर्यंत बोलायचं नाही. बाबांच्या मानेवर कानाखालपासून एक लाल रेघ उठली होती. ते माझ्यासमोर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जायला निघाले. पण दारात आई उभी होती.

"आवाज एकदम का बंद झाला?"

बाबा गप्प.

"अहो, मी काय विचारत्ये?"

"काही नाही हो वहिनी," काका म्हणाले, "दोरा तुटला जरासा."

आईने बाबांची मान बघितली. मशीनकडे बघितलं. तिने बाबांना वाट दिली, ते देवघराकडे गेले, आणि मग ती माझ्याकडे वळली. बाबांना बोलता येत नव्हतं. काका विषय गुंडाळायला बघत होते. मी त्यांच्या 'हो'ला 'हो' केलं असतं, तर मशीन कदाचित राहिलं असतं. खरं सांगितलं तर ते जाणार होतं, आणि बाबा पुन्हा पेपर दोनदा वाचणार होते.

"जानवं मशीनमध्ये अडकलं," मी म्हटलं. "ते बाहेर आलेलं मला आधी दिसलं होतं. मी बोलले नाही."

"का?"

"काका होते म्हणून."

आई पायरीवर बसली. रागावेल असं मला वाटलं होतं. ती आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून दाबत राहिली. तिला ते कळलं नसावं.

तेवढ्यात बाबा नवं जानवं घालून आले. "अगो, त्यात तिची काही—"

"बोलता यायला लागलं म्हणून लगेच बोलू नका," आई म्हणाली. तिने मला विचारलं, "परत असं दिसलं तर बोलशील?"

"हो."

"काका असले तरी?"

"हो."

"मग बोल बघू. आत्ता. मोठ्याने."

"काय बोलू?"

"काय बोलणार होतीस ते."

मी म्हटलं, "बाबा, थांबा." आई म्हणाली, "हे मला इथे ऐकू आलं नाही." मी पुन्हा म्हटलं. ती मान हलवत राहिली. चौथ्यांदा मी इतक्या जोरात ओरडले, की समोरच्या घरातल्या आजी खिडकीत आल्या, "काय झालं गो?" काका हसू दाबायला बागेकडे बघू लागले. मला रडू आलं. पण ओरडताना मोकळंही वाटत होतं.

तरी आई 'राहू दे' म्हणाली नाही आणि 'पाठवा' असंही म्हणाली नाही. तिने मशीनवर जुनी चादर टाकली. दहा-बारा दिवस ती चादर तशीच होती. बाबांनी विचारलं नाही. ते दुपारी पडवीत जाऊन बसायचे, वही उघडायचे, मिटायचे. मी लॅपटॉपसमोर बसून लोकांच्या चुका सुधारायची आणि माझी एकच चूक मला पुन्हा पुन्हा दिसायची.

आत आईचं शिलाई मशीन मधूनमधून वाजत होतं. ती कोणाचे तरी ब्लाउज शिवत असेल असं मला वाटलं.

एका दुपारी ती पडवीत आली. हातात जाड खादीची एक बंडी होती. गळा बंद, अंगाला घट्ट, बाह्या कोपराच्या वर. बाबांनी उलटसुलट करून बघितली.

"याला बटणं कुठायत?"

"मागे."

"मागे? माझी मला कशी लावता येणार?"

"नाहीच येणार," आई म्हणाली. "आणि काढताही येणार नाहीत. कितीही उकडलं तरी."

बाबांनी बंडी चढवली आणि पाठ करून उभे राहिले. आई बुटकी आहे. तिचा हात वरच्या बटणापर्यंत पोहोचेना, म्हणून बाबांनी गुडघे वाकवले. तिने आधी जानवं नीट आत सारलं, कमरेपाशी खोचलं, मग खालपासून वरपर्यंत सात बटणं लावली. शेवटचं बटण लावून झाल्यावर तिची बोटं त्या लाल रेघेपाशी क्षणभर थांबली. रेघ तोवर बरीच पुसट झाली होती. मग तिने स्वतःच चादर ओढून काढली, घडी घातली आणि मला म्हणाली, "चालू कर."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी लाकूड हाताने एक फेरा फिरवलं, पडदा खाली घेतला, बाजूला झाले. मी स्विच दाबला. आई कधी तिथे थांबत नसे, त्या दिवशी मात्र पहिली फीत खाली पडेपर्यंत दारात उभी होती.

आवाज ऐकून काका आलेच. बंडी बघून म्हणाले, "हे काय, या वयात झबलं?" बाबा कातत राहिले. काका नीट बघायला म्हणून टेबलाशी आले, खांद्यावर पंचा, आणि मशीनवर वाकले.

"काका, मागे व्हा," मी म्हटलं. मशीनच्या आवाजावर.

काका दचकून दोन पावलं मागे सरकले. माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी माझा आवाज इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. बाबांनी मान वर केली नाही, हत्यारही हललं नाही. पडद्याआड त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. कान मात्र हसल्यावर वर जातात तसे वर गेले होते.