एकाच डॉक्टरचा आवाज

आमच्या वडिलांनी सुलतान बाजारात कापड मोजलं, आबिड्सला घड्याळं विकली, मध्येच टायपिंगच्या शिकवण्या घेतल्या आणि काही काळ विम्याच्या मागे धावले. आई म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मी ते इतकं मनावर घेतलं की एकच काम धरायचं आणि त्यात मुरायचं, असं ठरवूनच टाकलं.

उदारीकरणाच्या त्या वर्षांत अमेरिकेतले डॉक्टर बोलायचे आणि हैदराबादेत आम्ही त्यांचे रिपोर्ट टाइप करायचो. कानाला हेडफोन, पायाखाली टेप पुढेमागे करायचं पेडल. माझ्या वाट्याला गुडघ्यांचे एक म्हातारे डॉक्टर आले. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत, मध्येच खोकत. इतरांना अक्षर कळेना. मला मात्र त्यांच्या खोकल्यावरून पुढचा शब्द ओळखू यायला लागला. फार भाव खाल्ला मी तेव्हा.

मग कंटाळा आला. रोज गुडघेच. नल्लकुंट्यातल्या आमच्या घरी आईच्या पोटात जळजळ व्हायची. "तू तर डॉक्टरांच्या लाइनीत आहेस ना," म्हणून ती मलाच विचारायची. तिचा गुडघा दुखला असता तर मी तासभर बोलले असते. पोटाच्या नाहीतर हृदयाच्या विभागात टाका, असं मी ऑफिसातल्या साहेबांना विनवलं.

"मॅडम, वो डॉक्टर आप के सिवा किसकू समझता? आप हटे तो मैं किसकू बिठाऊं?"

पगार थोडा वाढवला, संपलं. दर वर्षी हेच. माझ्या हुशारीनेच मला आत घालून बाहेरून कडी लावली होती, आणि मी गुदमरत होते. वडील म्हणाले, "एवढा वीट आलाय तर सोड की." मला त्यांचाच राग आला. मला दुसरं येतंय काय, हे त्यांना कसं सांगणार?

एका सोमवारी डॉक्टरांची टेप आली नाही. ते निवृत्त झाले होते. साहेबांनी मला बोलावून चहा मागवला.

"अब आप का क्या करना, आपीच बोलो."

"कुछ भी दीजिए सर, सीख लूंगी."

"कित्ता टाइम लगता सीखने कू?"

शेवटची नवी गोष्ट शिकायला मला किती दिवस लागले होते, ते मी आठवू लागले. साहेब वाट बघत होते, आणि मला ती गोष्टच आठवेना.